टक् वाजलं नाही म्हणून

घर,
४ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, मी वाकडा बसलो आहे. हे वाक्य अलंकारिक नाही. माझ्या लिहिण्याच्या खुर्चीच्या गादीतून, डाव्या अंगाला, पोस्टकार्डाच्या मापाचा स्पंज कोणीतरी अत्यंत सफाईनं कापून नेला आहे. वरची खोळ पुन्हा शिवून ठेवली आहे, तीही माझ्या शिंप्याच्या बापाला जमणार नाहीत अशा टाक्यांनी. त्यामुळे चोर हा नर्सांच्या शाळेत शिकवतो, हे ओळखायला मला डोकं चालवावं लागलं नाही. गेले सहा दिवस माझी डावी बाजू उजवीपेक्षा दीड इंच खाली आहे. जगाकडे तिरकं पाहणं हा माझा धंदा आहे, कबूल. दर रविवारी पुरवणीत मी तेच करतो आणि लोक ते चहाबरोबर वाचतात. पण आजवर ते मी सरळ बसून करत होतो.

मग घराचा पंचनामा केला. माझ्या रेनकोटाला एकच बाही उरली आहे. बाहेरच्या खोलीतल्या मोडक्या पलंगाच्या चार स्प्रिंगा गेल्या. राखाडी शर्ट नाही. आणि माझी लोकरी कानटोपी, जी उन्हाळ्यात कोणाच्याही डोळ्यांवर यायचं कारण नव्हतं, तीही नाही. तुझ्या वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, की शर्ट तिनंच दिला, कारण तो तुम्हाला पोटावर बसत नव्हता आणि हे तुम्हाला सांगायची हिंमत घरात कोणाला नव्हती. बाकीचं तू मागितलंस तेव्हा मी झोपलो होतो म्हणे. म्हणजे चूक माझीच.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे लेखी. खुलासाही लेखीच पाठव. लोभ वाढव असं म्हणत नाही, तो आहे तेवढा पेलवतो; पुढच्या खेपेला फक्त कात्री तिकडे ठेवून ये.

तुझा,
दादा


वसतिगृह, खोली क्रमांक दोन,
११ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं वाकडं पत्र सरळ पोचलं.

तुझ्या स्पंजावर रेनकोटाची बाही ताणून बसवली, की कातडी होते. खाली सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी घालून तिच्यात लाल शाईचं पाणी भरलं, की शीर होते. गेल्या आठवड्यात माझ्या तीस मुलींनी त्या स्पंजाला मिळून चारशे इंजेक्शनं दिली आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. चौथीत असताना लस टोचायला आले तेव्हा तू बाकाखाली शिरला होतास. तुझ्या बुडाखालचा स्पंज तुझ्यापेक्षा धीराचा निघाला.

कानटोपीचं म्हणशील तर ती आता गर्भाशय आहे. आत चेंडू घालायचा, वरून हळूहळू दाबत आणायचा, म्हणजे तोंड कसं उघडतं ते मुलींना डोळ्यांनी दिसतं. पुस्तकातल्या चित्रात ते कधीच कळत नाही. तुझ्या टोपीतून आजवर नव्वद बाळं सुखरूप बाहेर आली आहेत. तुझ्या डोक्यातून इतकं काही निघालेलं मला आठवत नाही.

शर्टात स्पंजाचे उरलेले तुकडे आणि चार स्प्रिंगा घालून छाती केली आहे. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची ते त्याच्यावर शिकवते. शर्ट ताईंच्या भावाचा म्हणून मुलींनी त्याचं नाव मामा ठेवलं. पोट मी मुद्दाम घातलेलं नाही, शर्टाला आधीच तशी सवय होती.

आता तू विचारशील की शाळेकडे सरावाचा खरा पुतळा नाही का. आहे. परदेशी आहे. तीन वर्षांपूर्वी आणला, तो मोठ्या बाईंच्या खोलीत काचेच्या कपाटात उभा आहे, अंगावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही. पाहुणे आले की त्यांना दाखवतात. मुलींनी हाताळला तर खराब होईल, असं मोठ्या बाईंचं मत आहे. बरोबरच आहे. मेलेल्या माणसाला जपलंच पाहिजे, जिवंत कसं करायचं ते शिकवायला थोडाच आणलाय तो?

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ स्पंजासारखा असू दे, कापला तरी कळता कामा नये.

तुझी,
ठकी


घर,
१९ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ. वि. वि.

आजवर माझ्यावर टीकाकारांनी बरंच काही फेकलं, पण तीस मुलींनी रोज सकाळी माझ्या छातीवर बसावं हा मान पहिलाच. तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, की उपयोग झाला ना एकदाचा.

पण तुझ्या त्या मामात एक मोठा दोष आहे, आणि तो शर्टाच्या मूळ मालकात नाही. तो मुका आहे. मुलीनं बरोबर दाबलं की चूक, हे तिला कसं कळणार? तू काय तीस जणींच्या हातांवर पट्टी धरून बसणार? आज सकाळी न्याहारीला जॅमची बाटली माझ्या पुढ्यात होती. त्या झाकणाला मधोमध एक फुगवटा असतो बघ, दाबला की टक् वाजतो. मी तो वाजवत होतो. चौदाव्या टक्‌ला तुझ्या वहिनीनं बाटली उचलून नेली. तेव्हा सुचलं, की स्प्रिंगांच्या तळाशी असं झाकण बसवलंस, आणि छाती हवी तेवढीच खाली गेल्यावर ते दाबलं जाईल असं माप धरलंस, तर मामाच सांगेल की बाई, जमलं. नाही वाजलं तर नाही जमलं. शिक्षणात इतका स्पष्टपणा आपल्या वेळी असता तर मी गणितात पास झालो असतो.

कल्पना फुकट देत आहे. मी वर्षातून एकदाच उदार होतो, तो दिवस तुझ्या वाट्याला आला. वहिनीचा आशीर्वाद आहे, माझा तर तुला फुकटच मिळत आलाय.

तुझा,
दादा


वसतिगृह, खोली क्रमांक दोन,
५ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सांगायला जिवावर येतंय, पण तुझं झाकण चालतं. पट्टी लावून मापलं. छाती पाच सेंटिमीटर खाली गेली की टक्. साडेचारला नाही. एक झाकण तीन दिवस टिकतं, मग त्याची कंबर मोडते, म्हणून सगळ्या वसतिगृहानं न्याहारीला जॅम धरला आहे. स्वयंपाकीणबाई म्हणतात, इतक्या गोड मुली त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

या तीस जणींत एक आहे, तिला सगळ्या मुंगी म्हणतात. उंची आणि वजन दोन्ही त्याच मापाचं. पहिले चार दिवस तिच्या हातून एकदाही टक् वाजलं नाही. बाकीच्या हसल्या. मग तिनं काय करावं, जेवणाच्या सुट्टीत एकटी येऊन मामापुढे गुडघे टेकून बसायची आणि खांदे बरोबर हातांच्या वर आणून सगळं अंग टाकायची. दंडानं नाही, अंगानं दाबायचं, हे मी वर्गात दहा वेळा सांगितलं होतं. तिला ते झाकणानं सांगितलं. आता मिनिटाला एकशेदहा टक् वाजतात, एकही चुकत नाही. मोठ्यांदा आकडे मोजत दाबते. आम्ही तसंच शिकवतो, तोंड चालू असलं की हात चालू राहतात.

तुला आमच्या चूकवहीबद्दल सांगितलं होतं का? सरावाच्या खोलीच्या दाराशी दोरीनं बांधलेली वही आहे. ज्या मुलीच्या हातून काही चुकेल तिनं ते स्वतः लिहायचं, तारखेसकट. लिहिलेल्या चुकीला शिक्षा नाही. लपवलेल्या चुकीला आहे. सहा वर्षं झाली, अजून एकीनंही वही फसवलेली नाही. मुंगीचे पहिले चार दिवस त्यात चार ओळींत आहेत: आज वाजलं नाही. आज वाजलं नाही. चौथ्या ओळीत नुसतं "आजही."

नोव्हेंबरात शेवटची परीक्षा. तुझी आठवण मामाला पाहून रोज होते, म्हणून वेगळी काढत नाही.

तुझी,
ठकी


वसतिगृह, खोली क्रमांक दोन,
२४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हसण्यासाठी नाही. कोणाला तरी सांगावं म्हणून लिहिते, आणि ते तूच आहेस याला माझा इलाज नाही.

परवा मुंगी पाकिटं आणायला पोस्टात गेली होती. रांगेत तिच्यापुढे एक भला दांडगा गृहस्थ, काखेत पार्सल. तो उभ्या जागी कोसळला. मुंगीनं खांद्याला हलवून हाक मारली, श्वास पाहिला, नव्हता. खिडकीतल्या कारकुनाकडे बोट करून त्यालाच सांगितलं, की तुम्ही रुग्णवाहिका बोलवा. सगळ्यांना मिळून सांगितलं तर कोणीच बोलवत नाही, हे शिकवलेलं तिला आठवलं. मग गुडघे टेकले आणि सुरू केलं.

आणि टक् वाजलं नाही.

माणसाच्या छातीत झाकण नसतं, दादा. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ते काय सांगायचं? बत्तिसाव्या आकड्याला तिला वाटलं की आपलं चुकतंय. ती थांबली. हात खाली सरकवले, कान दिला. भोवतीच्या लोकांना हातानं गप्प बसायची खूण केली, तर लोकांना वाटलं पोरीला वेड लागलं. मग समोर चेहरा दिसला, घाम दिसला, हा मामा नव्हे हे कळलं, आणि तिनं पुन्हा हात ठेवले. तिचं तोंड मात्र या सगळ्यात मोजतच होतं. पुन्हा दाबायला लागली तेव्हा आकडा बेचाळीस होता. म्हणजे दहा आकडे हात रिकामे राहिले. त्यानंतर रुग्णवाहिका येईपर्यंत अकरा मिनिटं एकटी दाबत होती, एवढीशी पोर.

तो माणूस जगला. दोन फासळ्यांना तडा गेला आहे, ते होतंच असं डॉक्टर म्हणाले. काल उठून बसला आणि पार्सल कुठे आहे ते विचारलं.

मुंगीनं परत आल्यावर पाणीसुद्धा प्यायच्या आधी वहीत लिहिलं: "आवाज आला नाही म्हणून दहा आकडे थांबले. चूक माझी." मी खाली लिहिलं, की चूक माझी. आजपासून झाकण काढलेला दुसरा मामा केला आहे. आधी टक्‌वर शिकायचं, मग टक्‌शिवाय.

मला ते दहा आकडे सारखे ऐकू येतात. उत्तर लवकर दे. थट्टा केलीस तरी चालेल, पण लवकर.

तुझी,
ठकी


घर,
२ सप्टेंबर

चि. ठकीस,
अ. उ. आ. वि. वि.

सोबत कात्रण जोडलं आहे. रविवारचा लेख. मथळा, "झाकण वाजेना". थट्टा केलीस तरी चालेल असं तूच लिहिलं होतंस, तेव्हा परवानगी आहेच. इतका गाजलेला लेख गेल्या दोन वर्षांत माझ्या हातून झाला नव्हता. संपादक, जे एरवी मला जिन्यात पाहून वर जाण्याऐवजी खाली जातात, ते खोलीत येऊन पाठ थोपटून गेले. दोन दिवसांत वाचकांची चाळीस पत्रं आली. न्हाव्यानं माझी दाढी अर्धी ठेवून समोरच्या गिऱ्हाइकाला उतारा वाचून दाखवला.

शाळेचं नाव नाही, मुलीचं नाव नाही, पोस्टाचंही नाही. अब्रूला धक्का नको म्हणून मी माणूससुद्धा थोडा बारीक केला आहे. वाच आणि हस. त्या दहा आकड्यांचं ओझं मनावरून उतरव. माणूस जगला, मुलगी शिकली, आणि मला लेख मिळाला. एका झाकणातून जगानं आणखी काय अपेक्षा करावी?

वहिनीनं लेख वाचला. मग जॅमची बाटली घेऊन आत गेली. माया करत जा, टाळ्या इतरांनी वाजवल्या आहेत.

तुझा,
दादा


वसतिगृह,
९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

लेख वाचला. मी वाचायच्या आधी मोठ्या बाईंनी वाचला होता, आणि त्यांच्या आधी परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी. या गावात नर्सांची शाळा एकच आहे आणि जॅमचा खप एकाच ठिकाणी वाढला आहे, त्यामुळे तू गाळलेली नावं लोकांनी घरच्या घरी भरली.

तू लिहिलंस, "पोरगी पाच मिनिटं तशीच बसून राहिली, शेवटची गाडी येते की गेली हे रुळाला कान लावून ऐकणाऱ्यासारखी." मी तुला दहा आकडे लिहिले होते. पाच मिनिटं कुठून आणलीस? पाच मिनिटं हात काढले असते तर तो माणूस आज पार्सल मागत नसता. हे तुला माहीत नाही असं नाही, तुला ते वाक्यात बसत नव्हतं.

आणखी एक. लेखात म्हटलंय, की हे झाकण शाळेतल्या कोणा कल्पक बाईंनी बसवलं. ती कल्पक बाई मी. झाकण कोणाचं होतं, ते लिहायला जागा कमी पडली असेल.

समितीनं चौकशी लावली आहे. आरोप असा, की विद्यार्थिनीनं रुग्णाला पाच मिनिटं सोडलं आणि शाळेनं तिला भंगारावर शिकवलं. माझ्या सरावाच्या खोलीला कुलूप आहे. मुंगीचा परीक्षेचा अर्ज अडवून ठेवला आहे, आणि तो पंधरा ऑक्टोबरपर्यंत सुटला नाही तर तिची तीन वर्षं वाया. तिनं वहीत स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ त्यांनी कबुलीजबाब म्हणून फाइलला लावली. तुझं कात्रण तिच्या वर टाचलेलं आहे.

कुलूप लागायच्या आधी वही मी वसतिगृहातल्या माझ्या राहत्या खोलीच्या दाराशी आणून बांधली. गेल्या पाच दिवसांत तिच्यात एकही नोंद नाही. तीस मुली, पाच दिवस, एकही चूक नाही. मला नोकरीत इतकी भीती कधी वाटली नव्हती.

ठकी


घर,
१५ सप्टेंबर

चि. ठकीस,
अ. आ.

तुझ्या पत्राखाली "तुझी" नव्हतं, ते मी पाहिलं. वहिनीनंही पाहिलं.

माझी बाजू ऐक. विनोदात थोडं पाणी घालावंच लागतं. दहा आकड्यांवर कोणी हसत नाही ठके, दहा आकडे म्हणजे शिंकेएवढा वेळ. पाच मिनिटांवर हसतात. तो लेख आहे, पंचनामा नाही. रविवारच्या पुरवणीत छापलेलं खरं धरणारा माणूस समितीचा अध्यक्ष असेल, तर त्या समितीचीच आधी छाती दाबायला हवी. आणि मी नाव कोणाचंही घेतलेलं नाही. झाकणाचं म्हणशील तर लेखकानं स्वतःला मधे आणू नये असा संकेत आहे. तो मी सोयीनं पाळतो, हे खरं.

हे सगळं लिहून झाल्यावर वहिनीला वाचून दाखवलं, कारण मला वाटलं ते चांगलं उतरलंय. तिनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, की पाच मिनिटं गप्प बसून दाखवा, काहीही न करता. मी बसलो. पहिल्या मिनिटातच मला वाटलं घड्याळ बंद पडलंय. तिसऱ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं, तर उठू दिलं नाही. पाच झाल्यावर तिनं नुसतं बोटांवर दहा मोजले आणि घड्याळ उचलून आत गेली.

मी काय करावं ते सांग. समितीला तिखट पत्र लिहू का? तिखट लिहिणं मला जमतं.

दादा


वसतिगृह,
३० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिखट पत्र लिहू नकोस. तुझं तिखट आम्ही अजून निस्तरतोय.

काल समिती आली. तिघे. अध्यक्ष तुझे मोठे चाहते आहेत, कात्रणातली वाक्यं त्यांना पाठ आहेत. आधी त्या पोस्टातल्या गृहस्थांना विचारलं, ते पार्सल घेऊनच आले होते. मुलगी किती वेळ थांबली, असं विचारल्यावर ते म्हणाले, की माफ करा, त्या वेळी मी हजर नव्हतो. कारकून म्हणाला, की तो फोनला लागला होता. रांगेतल्या बाकी लोकांना सगळं आठवत होतं, पण तेही तुझा लेख वाचल्यापासून.

मग अध्यक्षांनी फर्मावलं, की योग्य शिक्षण कशाला म्हणतात ते दाखवू. काचेचं कपाट उघडलं. मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं परदेशी पाहुण्याचं प्लॅस्टिक काढलं, इतक्या हळुवारपणे की आम्ही सगळ्यांनी मान खाली घातली. अध्यक्षांनी कोट काढला, गुडघे टेकले, दोन्ही हात छातीवर ठेवून दाबलं.

टक्.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा टक्. मी पुस्तिका उघडून दिली, तिच्यात चित्रासकट छापलेलं आहे, की योग्य खोलीला आवाज येतो. तुझं जॅमचं झाकण आणि त्यांची तीन वर्षं काचेत ठेवलेली वस्तू एकच गोष्ट करतात, दादा. तुझी फुशारकी तू या ओळीनंतर करून घे, मी थांबते.

चूक झाकणाची नव्हतीच. आवाज काढून घेऊन कधी सराव दिला नाही, ही होती, आणि ती माझी. ते मी लेखी दिलं. मग मुंगीला बोलावलं आणि झाकण नसलेला मामा पुढे ठेवला. दोन मिनिटं. आकडे मोजत दाबत राहिली, अध्यक्ष शेजारी पट्टी धरून बसलेले. एकदाही कमी गेली नाही. आवाजाशिवाय कसं कळतं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, की त्या दिवसापासून हातांना कळतं.

सरावाच्या खोलीचं कुलूप निघालं. पण मुंगीचा अर्ज अडकलेलाच आहे. अध्यक्ष म्हणाले, की मुलगी गुणी आहे, पण रुग्णाला पाच मिनिटं सोडलं हे छापून आलेलं आहे. मी वही दाखवली. ते म्हणाले, की ही निळ्या शाईतली एका मुलीची वही, आणि हे वर्तमानपत्र. छापलेलं उगाच छापत नाहीत.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त झालं ते कळवलं. मुंगीनं तुझा लेख वाचला आहे. रागावली नाही. मला एवढंच म्हणाली, की मामांना दहा म्हणायचं असेल.

वहिनीला आठवण सांग. तिला घड्याळ जपून ठेवायला सांग.

तुझी,
ठकी


घर,
१० ऑक्टोबर

चि. ठकीस,
अ. उ. आ. वि. वि.

फुशारकीसाठी तू जागा सोडली होतीस, ती कोरी ठेवली आहे.

संपादकांना भेटलो. दुरुस्ती छापायची आहे म्हणालो तर ते गोंधळले. म्हणाले, की विनोदी लेखाला दुरुस्ती कोणी देत नाही, आणि द्यायचीच तर तिचाही एक खुसखुशीत लेख करा, लोक पुन्हा हसतील. मी नको म्हणालो. काल आली आहे, सातव्या पानावर तळाशी, टायरच्या जाहिरातीखाली. चार ओळी आहेत. ३१ ऑगस्टच्या लेखात "पाच मिनिटे" असे छापले आहे, ते "दहा आकडे मोजेपर्यंत" असे वाचावे. त्यानंतर त्या मुलीने अकरा मिनिटे न थांबता छाती दाबली व रुग्ण वाचला, हे लेखात राहून गेले. झाकणाची कल्पना शिक्षिकेची नसून प्रस्तुत लेखकाची होती. तिन्ही चुका लेखकाच्या.

ते कात्रण आणि सही केलेलं निवेदन घेऊन आज सकाळच्या गाडीनं समितीच्या कचेरीत गेलो. तुला कळवलं नाही, तू स्टेशनवर आली असतीस. दीड तास बाकावर बसलो. अध्यक्षांनी ओळखलं, उठून हात मिळवला, चहा मागवला, आणि माझं पाच मिनिटांचं वाक्य मलाच म्हणून दाखवलं. मग निवेदन वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाले, की अहो, पण दहा आकडे केलेत तर त्यात गंमत काय राहिली? मी म्हणालो, की काही राहिली नाही. ते थोडे नाराज झाले. चाहत्याला असं तोंडावर सांगणं बरं नव्हे, पण त्यांना सही करायची होती आणि मला परतीची गाडी पकडायची होती.

सही झाली. कारकुनानं मुंगीचा अर्ज ढिगाऱ्यातून काढून नोंदवहीत चढवला, तो चढेपर्यंत मी खिडकीशी उभा होतो. पोच सोबत आहे. तिच्यावर परीक्षेचा क्रमांक आहे, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घातली आहे.

मुंगीला पोच दे. हे पत्र दाखवू नकोस. मी आलो होतो हेही सांगायची गरज नाही. विचारलंच तर पोस्टानं आली म्हणावं, ते खोटं होणार नाही.

वहिनीचे अनेक आशीर्वाद. पत्राखाली "तुझी" आलं ते तिला दाखवलं. आहे तो लोभ तसाच राहू दे, बस.

तुझा,
दादा